तिसरा साचा आणि टोयोटाची दोरी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

माझा एक मित्र भोसरीच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. वीस वर्षं झाली. तिथे शॉपच्या भिंतीवर मोठा बोर्ड आहे, ‘कायझेन’. त्याखाली सूचनापेटी आणि शेजारी ‘महिन्याचा उत्कृष्ट कायझेन’ म्हणून फोटो लावायची जागा. तुमच्यापैकी जे एमआयडीसीत आहेत त्यांना हा बोर्ड वेगळा सांगायला नको.

दोनेक वर्षांपूर्वी मित्राने एक सूचना टाकली. मशीनवरून निघालेला जॉब ट्रॉलीत भरायचा, शॉपच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, तिथे बर काढायची, आणि तपासणीसाठी तीच ट्रॉली परत इकडे आणायची. हा म्हणाला, बर काढायचं टेबल माझ्या मशीनशेजारीच लावा. मशीन चालू असताना माझे हात मोकळे असतात, मीच काढतो. ट्रॉलीची वरात बंद.

सूचना झकास होती. साहेबांना पटली. फोटो लागला, सर्टिफिकेट मिळालं, स्टीलचा डबा मिळाला.

पुढच्या महिन्यात ट्रॉली ओढणाऱ्या आणि बर काढणाऱ्या दोन कंत्राटी पोरांना ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

त्यातला एक पोरगा मित्राच्याच चाळीत राहणारा. मित्र मला म्हणाला, “मी कायझेन नाही केलं रे. दोन पोरांच्या ताटातली भाकरी काढून घेतली आणि वर डबा घेऊन घरी आलो.” त्या दिवसापासून त्याने पेटीत एकही कागद टाकलेला नाही. आणि दर तिमाहीला एचआरचे लोक मीटिंगमध्ये विचारतात, “सूचना का कमी झाल्या? लोकांची मानसिकता कशी बदलायची?”

मानसिकता! याच एका शब्दासाठी आज इतिहास उघडतोय. कारण हा प्रश्न भोसरीचा नाही, दोन वर्षांपूर्वीचाही नाही. चांगला शंभर वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुंबईत सापडते.

१९२८, गिरणगाव

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर कमावलं. वीसच्या दशकात दिवस फिरले. जपानी कापड स्वस्तात बाजारात येऊ लागलं, मालकांचा नफा आटला. तेव्हा उपाय निघाला ‘रॅशनलायझेशन’. आजच्या भाषेत कार्यक्षमता म्हणा. विणकर दोन माग चालवतो, त्याने तीन चालवावेत. सूतखात्यातल्या माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. गिरणगावच्या बोलीत मागाला साचा म्हणत. म्हणजे सगळा झगडा होता तो तिसऱ्या साच्याचा.

कागदावर योजना वाईट दिसत नव्हती. तीन साचे चालवणाऱ्याला मजुरी जास्त मिळणार होती. पण विणकराला हिशेब कळत होता. सहा साच्यांवर आज आपण तिघे आहोत, उद्या दोघे राहू. तिसरा कोण? शिवाय सूत हलकं असलं की धागा सारखा तुटतो. दोन साचे सांभाळतानाच जीव मेटाकुटीला येतो, मग तिसरा कसा सांभाळायचा? हलकं सूत मालक घेणार, आणि तुटलेल्या धाग्याचा दंड आमच्या पगारातून?

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला. जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद. सुमारे दीड लाख कामगार बाहेर. ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिने, भोंगे वाजले नाहीत. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार. डांगे, निंबकर, मिरजकर, ना. म. जोशी ही सगळी नावं या लढ्यातली. शेवटी सरकारने फॉसेट समिती नेमली. १९२९ साली समितीने कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः मान्य केली, पण संरक्षणाच्या काही अटी घातल्या.

याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट ऐरणीवर आणली. साचेखात्यात पगार जास्त, पण दलित कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली सवर्ण विणकर त्याला नकार देत.

जरा थांबून विचार करा. तोंडाने धागा ओढायचा! प्रत्येक श्वासात कापसाची धूळ, एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी, आणि त्याच धोट्यावर जातीचा पहारा. सुधारायला एवढी मोठी गोष्ट साच्यावरच पडून होती. पण भांडण पेटलं ते ‘माणसं किती कमी करायची’ यावरून. सुधारणा हा शब्द गिरणगावात आला तोच कपातीच्या गाडीत बसून. मग तो कामगाराला गोड कसा लागेल?

त्याच वर्षांत, जपानमध्ये

आता ज्या जपानी कापडाला आपले मालक घाबरत होते, त्या जपानात जाऊ.

साकिची टोयोडा. जन्म १८६७, सुताराचा मुलगा. गावात घरोघरी बायका हातमागावर विणत, त्याची आईही. लहानपणापासून त्यांचे कष्ट बघितलेले. १८९१ साली त्याने सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं आणि पुढची तीसेक वर्षं तो माग या एकाच गोष्टीच्या मागे लागला. १९२४ साली ‘जी टाईप’ स्वयंचलित माग तयार झाला. माग न थांबवता त्यात धोटा आपोआप बदलला जाई. आणि महत्त्वाचं म्हणजे धागा तुटला की माग आपणहून थांबे.

हे दुसरं वाक्य साधं वाटतं, पण सगळी मेख तिथेच आहे.

साधा माग धागा तुटला तरी चालतच राहतो. कापड खराब होत जातं. म्हणून माणसाला डोळ्यात तेल घालून प्रत्येक मागावर पहारा द्यावा लागतो. साकिचीचा माग चूक झाली की स्वतः थांबतो, त्यामुळे माणसाची पहाऱ्यातून सुटका होते. एकच कामगार कितीतरी माग सांभाळू शकतो, कारण त्याला फक्त थांबलेल्या मागाकडे जायचं असतं. मुंबईत तिसरा साचा विणकराच्या अंगावर टाकला जात होता. इथे मागाचं काम आधी सोपं झालं, मग मागांची संख्या वाढली. दोन्हीकडे आकडा वाढलाच, पण क्रम उलटा होता.

जपानचं उगाच गुणगान नको. तिथल्या सूतगिरण्यांत त्या काळी खेड्यातून आणलेल्या कोवळ्या मुली वसतिगृहात कोंडल्यासारख्या राहून राबत. त्यांचे हाल आपल्या गिरणगावापेक्षा कमी नव्हते. चांगलं यंत्र आलं म्हणून माणसाशी चांगलं वागलं जातंच असं नाही. ती वेगळी गोष्ट आहे, आणि पुढे तीच महत्त्वाची ठरते.

१९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, तेच आता जपानकडून माग शिकत होतं! साकिची १९३० मध्ये वारला. त्याचा मुलगा किइचिरो मोटारींच्या नादाला लागला. १९३३ साली माग बनवणाऱ्या कंपनीत मोटार विभाग उघडला आणि १९३७ साली टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी उभी राहिली.

१९५०: मालकाने दिलेली किंमत

युद्ध संपलं तेव्हा जपान राखेत होता. किइचिरो म्हणत होता, तीन वर्षांत अमेरिकेला गाठलं पाहिजे. अमेरिकेतले कारखाने दिवसाला हजारोंनी गाड्या काढत होते. टोयोटाकडे ना पैसा, ना नवी यंत्रं, ना साठ्याला जागा.

मशीनशॉपमध्ये ताइइचि ओनो नावाचा माणूस होता. आधी टोयोडाच्या सूतगिरणीत नोकरी केलेला. त्याने गिरणीत पाहिलेली गोष्ट इथे लावायला सुरुवात केली. एका कामगाराने एकच मशीन का सांभाळायचं? यंत्रं जवळजवळ मांडा, एकाने दोन सांभाळावीत, मग तीन. जुन्या कसबी कामगारांनी विरोध केला.

ओळखीचं वाटतंय ना? हा सरळसरळ तिसरा साचा आहे. ओनोची कल्पना आणि मुंबईच्या मालकांची कल्पना वरवर सारखीच होती. मग एका ठिकाणी सहा महिन्यांचा संप आणि दुसऱ्या ठिकाणी जगाने नक्कल करावी अशी पद्धत, असं का झालं?

संप तिथेही झालाच.

१९४९ साली अमेरिकन सल्लागार डॉज यांच्या कडक धोरणामुळे जपानात मंदी आली. टोयोटा बुडायच्या बेतात. युनियनने दहा टक्के पगारकपात मान्य केली, त्या बदल्यात किइचिरोने लेखी शब्द दिला की माणसं काढणार नाही. पुढे बँकांनी कर्ज दिलं ते अटींवर. एप्रिल १९५० मध्ये कंपनीने सोळाशे जणांची ‘स्वेच्छानिवृत्ती’ मागितली. शब्द मोडला. दोन महिने संप चालला आणि शेवटी सुमारे दोन हजार लोक गेले.

पण जून १९५० मध्ये आणखी एक माणूस गेला. किइचिरो टोयोडा, कंपनीचा संस्थापक. शब्द मोडल्याची जबाबदारी घेऊन त्याने अध्यक्षपदाचा राजीनामा दिला.

काही दिवसांतच कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकन लष्कराकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या. कंपनी तरली. आणखी दोन महिने थांबले असते तर कदाचित कुणालाच जावं लागलं नसतं. १९५२ साली किइचिरो परत अध्यक्ष व्हायच्या तयारीत होता, तेवढ्यात वारला. वय सत्तावन्न.

या जखमेतून टोयोटा एक गोष्ट शिकली. कायम कामगाराला कामावरून काढायचं नाही, हे कंपनीचं धोरण झालं. १९६२ साली युनियन आणि व्यवस्थापन दोघांनी मिळून परस्पर विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या कोर्समध्ये कानबान शिकवतात, फाइव्ह-एस शिकवतात. १९५० चा संप मात्र कुणी शिकवत नाही.

मग बाकीचं सगळं आलं

कामगाराची नोकरी पक्की झाली की त्याच्या डोक्यातलं बाहेर यायला लागतं. १९५१ साली टोयोटाने सूचना योजना सुरू केली. गंमत म्हणजे ती कल्पना अमेरिकेतल्या फोर्ड कारखान्यात बघून आणलेली. बरंच काही अमेरिकेतूनच आलं. महायुद्धात नवख्या कामगारांना पटकन शिकवायला अमेरिकेने जी प्रशिक्षण पद्धत काढली, तीही जपानात आली. डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० साली तोक्योत व्याख्यानं द्यायला आले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५१ पासून सुरू झाला. टोयोटाला तो १९६५ मध्ये मिळाला.

ओनोने नासाडीची यादी केली. जपानीत शब्द ‘मुडा’. नको तेवढा माल आधीच बनवून ठेवणं, वाट बघत बसणं, इकडून तिकडे वाहून नेणं, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, उगाचची हालचाल, खराब माल. सात प्रकार. माझ्या मित्राने ट्रॉलीची वरात पकडली, ती याच यादीतली.

अमेरिकन सुपरमार्केटवरून ओनोने आणखी एक कल्पना घेतली. गिऱ्हाईक शेल्फवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं. आपला वाणीही हेच करतो, बरणी रिकामी झाली की पोत्यातून काढतो. कारखान्यात यासाठी पेटीबरोबर एक चिठ्ठी फिरते. माल वापरला की चिठ्ठी मागे जाते आणि तेवढाच नवा माल बनतो. तेच कानबान.

आणि मग ती दोरी.

असेंब्ली लाइनवर प्रत्येकाच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही गडबड दिसली की ओढायची. दिवा लागतो, टीमचा प्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या अंतरात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. साकिचीच्या मागाचंच हे माणसाला लावलेलं रूप. धागा तुटला की थांबा. फरक एवढाच की इथे थांबवायचा अधिकार सगळ्यात खालच्या माणसाच्या हातात दिला. लाइन थांबली की ओरडायचं नाही, विचारायचं, “का झालं?” त्याचं उत्तर मिळालं की पुन्हा “का?” असं पाच वेळा, मुळाशी जाईपर्यंत.

तुम्हीच सांगा, ज्याला उद्या गेटवर अडवलं जाण्याची भीती आहे, तो ही दोरी ओढेल? तो चूक झाकेल. मीही झाकली असती.

हे जपानी रक्तात आहे म्हणे

आपल्याकडे हमखास ऐकू येतं, “अहो, जपानी माणूस शिस्तीचा. आपल्या लोकांना जमणार नाही.” याचं उत्तर कॅलिफोर्नियाने देऊन ठेवलंय.

फ्रीमाँट गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. बदनाम. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, कामावर दारू, तक्रारींचे ढीग, ऐनवेळी संप. १९८२ साली कंपनीने कुलूप लावलं. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेच हे वर्ष.

१९८४ साली तोच कारखाना नव्या नावाने उघडला. नुम्मी. जनरल मोटर्स आणि टोयोटाची भागीदारी, कारभार टोयोटाचा. युनियन तीच. कामगारांतले सुमारे ८५ टक्के तेच, ज्यांना ‘वाया गेलेले’ म्हटलं होतं. शेकडो जणांना जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर शिकवलं. साहेबांचं वेगळं कँटीन बंद, वेगळं पार्किंग बंद. आणि करारात स्पष्ट लिहिलं की कपातीची वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापू, बाहेर दिलेलं काम आत आणू, कामगाराला हात सगळ्यात शेवटी.

दोन वर्षांत गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या जवळ पोचला. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. रक्त तेच, माणसं तीच.

खरी परीक्षा १९८७-८८ मध्ये झाली. गाडीचा खप पडला. आता काढतील म्हणून सगळे वाट बघत होते. एकालाही काढलं नाही. रिकाम्या लोकांना प्रशिक्षण दिलं, सुधारणेच्या कामावर लावलं. दोरी ओढायला लोक निर्धास्त झाले ते अशा अनुभवातून.

या कारखान्यात काम केलेल्या जॉन क्राफसिक या तरुण इंजिनिअरने १९८८ साली एका लेखात या पद्धतीला ‘लीन’ हा शब्द वापरला. आज आपल्याकडे ‘लीन’ म्हणजे माणसं कमी करणं असा अर्थ झालाय. आणि शब्दाचा जन्म कुठला, तर मंदीतही माणूस न काढणाऱ्या कारखान्यातला!

जनरल मोटर्सने ही पद्धत इतर कारखान्यांत न्यायचा प्रयत्न केला. दोऱ्या लावल्या, बोर्ड लावले. बहुतेक ठिकाणी जमलं नाही, कारण करार नेला नाही. २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी नुम्मीही बंद पडलं, हेही खरं. कुठलंच वचन अमर नसतं. पण पंचवीस वर्षं ते पाळलं गेलं आणि त्याचा परिणाम सगळ्यांनी बघितला.

दिव्याखालचा अंधार

आता टोयोटाची दुसरी बाजू. ती न सांगता पोस्ट संपवली तर ती जाहिरात होईल.

पक्क्या नोकरीचं छत्र सगळ्यांवर नव्हतं. कायम कामगारांभोवती हंगामी कामगारांचा थर होता. मंदी आली की पहिले तेच बाहेर. सातोशी कामाता हा पत्रकार १९७२ साली हंगामी कामगार म्हणून टोयोटात शिरला, सहा महिने लाइनवर राबला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्याने दाखवलेला कारखाना म्हणजे माणूस पिळणारा वेग. प्रत्येक वाचवलेल्या सेकंदाची सूट कामगाराला मिळत नव्हती, त्या जागी नवं काम भरलं जात होतं.

२००२ साली टोयोटाचा तिशीतला एक कामगार कामावर असतानाच कोसळून गेला. त्याच्या पत्नीने लढा दिला. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने हा अतिश्रमाने झालेला मृत्यू मानला. निकालात एक फार मोठी गोष्ट होती. ड्युटी संपल्यावर ‘स्वेच्छेने’ चालणाऱ्या क्वालिटी सर्कलच्या बैठका हेसुद्धा कामच आहे, असं न्यायालयाने धरलं. त्यानंतर टोयोटाने त्या वेळेचा पूर्ण ओव्हरटाइम द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे शिफ्ट सुटल्यावर “पाच मिनिटं कायझेन मीटिंग” म्हणून थांबवतात ना, त्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि अगदी घराजवळचं उदाहरण. टोयोटा भारतात आली ती किर्लोस्करांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, कारखाना आणि कामगारांचं गाव एकत्र. त्या घराण्याची ही भागीदारी १९९७ मध्ये झाली आणि कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला निघाला. तिथे २०१४ मध्ये टाळेबंदी झाली, २०२० मध्ये पुन्हा झाली. २०२० च्या वादात कामाचा वेग वाढवल्याची तक्रार युनियनची होती, तर कंपनीचं म्हणणं होतं की प्रश्न शिस्तीचा आहे. कोण बरोबर यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की खुद्द टोयोटाच्या नावाचा कारखाना असला, तरी विश्वास आपोआप येत नाही. तो प्रत्येक गेटच्या आत नव्याने कमवावा लागतो.

परत भोसरीत

माझ्या मित्राच्या कारखान्यात बोर्ड होता, पेटी होती, फोटो होता, डबा होता. नव्हता तो १९५० चा धडा. त्याने ट्रॉलीची नासाडी वाचवली. त्या दोन पोरांना दुसरं काम शिकवलं असतं, मशीनवर उभं केलं असतं, तर त्याच दोघांनी पुढच्या वर्षी चार सूचना टाकल्या असत्या. ट्रॉलीचं दुखणं ट्रॉली ओढणाऱ्यापेक्षा कुणाला जास्त कळतं? त्या दोन पोरांच्या पगाराएवढी बचत झाली असेल. पण वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस कायमचा गप्प झाला, ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहिणार?

“धंद्यात रोज चढउतार असतो, सगळ्यांना कायम कसं करणार?” हा मालकांचा प्रश्न मला कळतो. छोट्या कारखानदाराचे हाल मी बघितलेत. ऑर्डर गेली की त्याचीही झोप जाते. मंदीत काय होईल याची हमी त्याला देता येणार नाही, मान्य. पण एक हमी कुणालाही देता येते. ती फुकट आहे. “तू सुचवलेल्या सुधारणेमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. मोकळी झालेली माणसं आपण दुसऱ्या कामावर घेऊ.” हे वाक्य बोर्डावर लिहा, खाली मालकाची सही करा, आणि त्यात कंत्राटी कामगारही धरा. कारण आज शॉपवर निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची असतील, तर त्यांना वगळून केलेलं कायझेन म्हणजे निम्म्या कारखान्याला गप्प बसवणं.

आणि कामगार मित्रांनो, आपलीही एक चूक आहे. सुधारणा म्हणजे मालकाचा डाव, असं म्हणून आपण कित्येकदा आपल्याच पाठीचं दुखणं तसंच ठेवलं. तोंडाने धागा ओढण्यासारख्या गोष्टी आजही शॉपवर असतात. वाकून उचलायचं वजन, डोळ्यात उडणारी चिप, विनाकारण मारायच्या फेऱ्या. त्या आपणच मागून घ्यायला हव्यात. युनियनच्या मागणीपत्रात पगाराबरोबर दोरीही मागा. म्हणजे थांबवायचा अधिकार.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या विणकराने तिसऱ्या साच्याला नाही म्हटलं, तेव्हा त्याला अडाणी म्हटलं गेलं. मला तो अडाणी वाटत नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता, “माझ्या शेजारच्याचं काय?” ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं, त्यांचं कायझेन चाललं. ज्यांनी दिलं नाही, त्यांच्या भिंतीवर नुसता बोर्ड राहिला.

तुमच्या कारखान्यात, ऑफिसात, बँकेत काय अनुभव आहे? कुणी सुचवलेली सुधारणा खरंच सगळ्यांच्या भल्याची ठरली असेल तर तीही लिहा. कंपनीचं नाव नको, गोष्ट सांगा. मित्रालाही वाचायला देणार आहे. बघू, पेटीत कागद टाकावासा वाटतो का त्याला.